यंत्रावरील विनंतीअर्ज

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील अनेक तरुण-तरुणी आज कचेऱ्यांतून संगणकावर काम करीत आहेत. रजा, प्रवासखर्च, नवे साहित्य यांसाठी लागणारे विनंतीअर्ज संगणकावर सिद्ध करण्याचे काम त्यांच्यापैकी कित्येकांकडे येते. त्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटचे उदाहरण घेऊ. त्यात प्रथम एक यादी करावयाची असते. प्रत्येक अर्ज म्हणजे यादीतील एक ओळ आणि प्रत्येक प्रश्न म्हणजे एक रकाना. रजेचा प्रकार ठराविक पर्यायांतूनच निवडावयाचा. रजेची अखेर तिच्या आरंभाच्या आधीची लिहिल्यास अर्ज स्वीकारला जाऊ नये, अशी अटही घालता येते. अर्ज दाखल होताच वरिष्ठांस ई-मेल जावी व त्यांचा निर्णय अर्जदारास कळावा, ही साखळी पॉवर ऑटोमेट या साधनाने जोडता येते.

तथापि, अर्जाची वाट माणसानेच ठरवावी लागते. कागदी अर्ज टेबलावर पडून राहिला, तर निदान शिपायाकडे चौकशी करता येई. यंत्रात अडकलेला अर्ज सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. मंजुरीची वाट पाहणारी वरील साखळी ३० दिवसांनंतर आपोआप थांबते. वरिष्ठ स्वतःच रजेवर असल्यास अर्ज कोणाकडे जावा, हे आधी ठरविले नसेल, तर घरी आजारी माणूस असलेल्या कारकुनाने करावे काय?

म्हणून काही पथ्ये पाळावीत. कचेरीस ठाऊक असलेली माहिती पुन्हा विचारू नये. अर्ज कोणापाशी आहे, हे अर्जदारास दिसावे. नकार देताना कारण लिहिणे सक्तीचे असावे. आजारपणाची हकीकत सहकाऱ्यांच्या नजरेस पडू नये. सामान्य सेवकास केवळ स्वतःचाच अर्ज वाचता यावा, अशी सोय यादीत आहे, ती अवश्य वापरावी.

साधने बदलतच राहणार. अर्जांसाठीच २००३ साली निघालेल्या इन्फोपाथची अखेरची आवृत्ती २०१३ ची. तिचा आधार १४ जुलै २०२६ रोजी काढून घेण्याचे कंपनीने ठरविले. ज्यांनी अर्जाची वाट कागदावर रेखून ठेवली असेल, त्यांना नव्या साधनावर ती पुन्हा बांधणे सोपे जाईल.

तरुण मित्रहो, अर्ज सिद्ध करताना तो भरणाऱ्या सर्वांत कनिष्ठ सेवकाची अडचण ध्यानी ठेवा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.