करवीरची रंगशाला

राजधानी म्हटली कीं राजवाडा आणि दरबार डोळ्यांपुढें येतात. परंतु सर्व थरांतील लोकांनीं एकत्र बसून पाहावें, ऐकावें, अशी एखादी वास्तु राजधानींत असणें हेंहि तितकेंच अगत्याचें आहे. शिराळ्याहून दक्षिणेस वारणा ओलांडली कीं करवीर संस्थानच्या जुन्या राजधानीचा, कोल्हापूरचा, मुलूख लागतो. तेथील अशाच एका वास्तूविषयीं आज बोलावयाचें आहे.

१९०२ सालीं श्रीशाहू छत्रपति युरोपच्या प्रवासास गेले असतां रोमचें प्राचीन क्रीडागार त्यांच्या पाहण्यांत आलें. खासबागेंतील कुस्तीच्या मैदानाची कल्पना त्यांतून निघाली. त्या मैदानाला लागूनच महाराजांनीं पॅलेस थिएटर उभारविलें. तें १९१५ सालीं पुरें झालें. भिंतीच्या एका अंगास शड्डू, दुसऱ्या अंगास तंबोरा; बल आणि कला यांस त्यांनीं असें शेजारीं नांदविलें.

१९५७ सालीं या नाट्यगृहास संगीतसूर्य केशवराव भोसले यांचें नांव मिळालें. केशवराव कोल्हापूरचेच, जन्म १८९० चा. १९०८ सालीं त्यांनीं ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली. १९२१ च्या जुलैंत टिळक स्वराज्य फंडाच्या साह्यार्थ त्यांनीं बालगंधर्वांसमवेत मुंबईस ‘संयुक्त मानापमान’ केला, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ते निवर्तले. राजानें बांधिलेल्या घरास नटाचें नांव लागावें, यांतच तें घर लोकांचें झाल्याची खूण आहे. पुढें नाटकें, गायन, सभा, सत्कार, राज्य नाट्यस्पर्धा हें सर्व तेथें होत आलें.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं या वास्तूस आग लागली. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता, नागपंचमीचाहि होता. शिराळा सणाच्या तयारींत असतां इकडे रंगमंच, छप्पर आणि आसनें भस्मसात् झालीं. दगडी भिंती तेवढ्या उरल्या. पुढें महानगरपालिकेनें पुनर्बांधणी हातीं घेतली.

भिंती पूर्ववत् होतील, दिवे अधिक लखलखीत लागतील. पण एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. जेथें खेड्यांतून आलेल्या हौशी मंडळीस भाडें परवडत नाहीं, तें नाट्यगृह कितीहि देखणें असलें तरी सार्वजनिक म्हणवत नाहीं. मूळ आराखड्याबरोबर मूळ हेतूहि जपावयास हवा. रंगमंचावर उभें राहण्याचा सामान्य माणसाचा हक्क हीच या वास्तूची खरी पायाभरणी होय.