संशय, कलम आणि आपली भाषा

बेळगावात मेळाव्याच्या आदल्या रात्री कार्यकर्त्याच्या दारात जीप येते. "साहेबांनी बोलावलंय, जरा चला." गुन्हा काय केला? अजून काहीच नाही. उद्या करेल, असा संशय!

हा अधिकार जुना आहे. इंग्रजांच्या 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 54 होतं. दखलपात्र गुन्ह्याचा 'वाजवी संशय' असला की वॉरंटशिवाय अटक. शेजारचं 55 तर आणखी बेरकी: पोटापाण्याचं उघड साधन दाखवता आलं नाही, तरी ठाण्याचा अधिकारी उचलू शकत होता. म्हणजे गरिबी हाच संशय. आणि 151: गुन्हा घडायच्या आधीच धरायचं. 1973 ला नवी संहिता आली, 54 चं 41 झालं. 151 चा तर आकडाही बदलला नाही, 24 तासांची मर्यादा तेवढी त्यातच लिहिली गेली. 1 जुलै 2024 पासून तीच कलमं 35 आणि 170 म्हणून नांदतायत.

लगाम घातला तो मुख्यतः कोर्टाने. 1994 च्या जोगिंदर कुमार खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, अटकेचा अधिकार असणं वेगळं आणि अटकेला कारण असणं वेगळं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेचं कारण लिहून ठेवायची सक्ती लागू झाली 1 नोव्हेंबर 2010 ला. (तारीख बघा. आपण त्या दिवशी निषेध फेरीत असतो.)

पण आपल्या कामाचा खटला 1962 चा आहे, हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य. प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्या माणसाला कारणं इंग्रजीत दिली. त्याला इंग्रजी येत नव्हतं, त्याने हिंदीत मागितली. सरकार म्हणालं, राजभाषा इंग्रजी आहे. सुप्रीम कोर्टाने त्याला सोडून दिलं! माणसाला न कळणाऱ्या भाषेतलं कारण म्हणजे कारण दिलंच नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये मिहिर शहा खटल्यात हेच साध्या अटकेलाही लागलं: कारणं लेखी, आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत.

आता आपल्याकडं ठाण्यात पुढं सरकवला जाणारा कागद कन्नडमध्ये असतो, आणि आपली पोरं "लवकर सुटू दे" म्हणून सही ठोकतात. कन्नड वाचता येत असेल तर प्रश्न नाही. येत नसेल तर सहीआधी मराठीत मागा, आणि घरी कळवायला सांगा. तेही कलम 48 मध्ये लिहिलंय.