सीताफळाचा हंगाम व ज्युबिलीचा धडा



या महोत्सवप्रसंगीं आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हां मोठ्या विषयास हात न घालतां नेरच्या घराघरांत ठाऊक असलेलें एक फळ आम्हीं निवडलें. तें म्हणजे सीताफळ. थंड देशांत शरद ऋतूंत सफरचंदें उतरवितात. आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत त्याच सुमारास, दसरा-दिवाळीच्या दिवसांत, टेकड्यांवर व शेतांच्या धुऱ्यांवर सीताफळें भरतात.

हें झाड मूळचें अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतलें. परंतु येथें तें इतकें रुजलें कीं, न पेरतां, न शिंपतां उगवतें. शेळीदेखील त्याच्या पाल्यास सहसा तोंड लावीत नाहीं. म्हणून चराऊ माळावरहि तें टिकतें.

फळ तोडण्याची एक खूण आहे. खवल्यांमधील भेगा रुंदावून पिवळट दिसूं लागल्या, म्हणजे फळाचे डोळे उघडले असें म्हणतात. असें फळ कुटारांत अढी घालून ठेविल्यास थोड्याच दिवसांत मऊ होतें. लहानपणीं इतरांच्या आधीं आपला हात पडावा म्हणून आम्हीं मिटल्या डोळ्यांचीं फळें तोडून कुटारांत लपविलीं होतीं. तीं पिकलीं नाहींत. काळीं पडून दगडासारखीं झालीं. तीं ना आम्हांस लाभलीं, ना टोपली घेऊन बाजारीं बसणाऱ्या आयाबायांस.

बासुंदी करितांना गृहिणींनीं ध्यानांत ठेवावें कीं, दूध आटवून पुरतें निवूं द्यावें, मगच गर घालावा. गर आंचेवर उकळल्यास कडवट होतो. बिया मुलांच्या हातीं देऊं नयेत; त्यांची पूड डोळ्यांस फार घातक असते.

लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत पन्नासाव्या, म्हणजे ज्युबिलीच्या, वर्षाचा नियम सांगितला आहे: त्या वर्षीं पेरणी नाहीं; शेतांत आपोआप उगवेल तें खावें. १९ व्या अध्यायांत द्राक्षमळा झाडून नेऊं नये, गरीब व परदेशी यांच्यासाठीं कांहीं राखावें, अशी आज्ञा आहे.

माळावरचें सीताफळ आपण पेरलेलें नाहीं. तें विकून ज्यांची मीठ-मिरची चालते, त्यांचा वांटा आपल्या घाईनें कच्चाच नासूं नये. यंदा डोळे उघडलेलींच फळें तोडूं, आणि प्रत्येक झाडावर मागून येणाऱ्यासाठीं चार राहूं देऊं. आपल्या ज्युबिलीची एवढी खूण नेरच्या माळावर दिसो, हीच आमची विनंती.