पहिल्यांदा आलेला परत येतो का?

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा वाढवा, कारण आज मी थोडा तावातावाने बोलणार आहे.

विषय आहे स्पर्धात्मक गेमिंग. पण कुठला फोन घ्यावा, सेन्सिटिव्हिटी किती ठेवावी, हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. मला बोलायचंय ते आपापल्या शहरातल्या गेमिंग ग्रुपबद्दल. तो ग्रुप ठणठणीत आहे की आतून वाळत चाललाय, हे ओळखायचं कसं?

माझी ओळख थोडक्यात. बीटेक झालोय, पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि महिन्यातले दोन रविवार टेकन खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, टेकन म्हणजे एकास एक मारामारीचा गेम. एक टीव्ही, दोन कंट्रोलर, शेजारी शेजारी बसलेली दोन माणसं. इथे टीममेटवर खापर फोडता येत नाही. हरलात तर तुम्हीच हरलात, आणि मागे उभ्या असलेल्या दहा जणांनी ते पाहिलेलं असतं.

आमच्यासारख्या ग्रुपमध्ये कुणी विचारलं, "सीन कसा चाललाय?" तर उत्तर ठरलेलं असतं. "अरे, आपला पठ्ठ्या मुंबईत जाऊन टॉप ८ मध्ये आला!" म्हणजे तब्येत मोजायची ती सगळ्यात वरच्या माणसावरून. माझ्या कामात हे चालत नाही. ॲप किती जणांनी डाउनलोड केलं याला फारसा अर्थ नसतो. पहिल्यांदा उघडणाऱ्यांपैकी किती जणांनी पुढच्या आठवड्यात परत उघडलं, ते बघतात.

म्हणून मी आमच्या रविवारांची एक साधी शीट केली. नाव आणि तारीख, बस्स. काही महिन्यांत चित्र दिसायला लागलं. नवीन मुलं येत होती, जवळजवळ दर वेळी एक-दोन. पण दुसऱ्यांदा येणारे बोटांवर मोजण्याइतके. इकडे जुन्यांपैकी कुणाला बंगळुरूला नोकरी लागली, कुणाचं लग्न झालं, कुणाला बाळ झालं. गळती होणारच होती हो, पण भरती थांबली होती. असंच चाललं असतं तर पुढे हॉलची गरजच उरली नसती, एका सोफ्यावर सगळे मावले असतो.

मग नवीन मुलगा परत का येत नाही? जुन्यांचं उत्तर तयार असतं: "आजकालच्या पोरांत दमच नाही, हरलं की पळतात." मला हे पटत नाही. माझं म्हणणं असं की आपण त्याला धड हरूसुद्धा देत नाही.

हिशेब मांडू. १६ खेळाडू आहेत आणि साधं नॉकआउट आहे. एकूण सामने १५. पहिल्या फेरीनंतर ८ जण बाहेर. त्यात सीडिंग असतं. तगडे खेळाडू एकमेकांना लवकर भिडू नयेत म्हणून पहिल्या नंबरसमोर सोळावा, दुसऱ्यासमोर पंधरावा, अशी मांडणी. आता सोळावा कोण? आजच आलेला. म्हणजे हडपसरहून दोन बस बदलून आलेला, एंट्री भरलेला मुलगा पहिल्याच सामन्यात ग्रुपमधल्या सगळ्यात तगड्या माणसासमोर बसतो. पाच मिनिटांत खेळ खल्लास. पुढचे तीन तास मागे उभं राहून बघायचं.

बुद्धिबळातलं ईलो रेटिंग तुम्ही ऐकलं असेल. त्याच्या गणितात ४०० गुणांचा फरक असेल तर खालच्याला ११ डावांत साधारण १ गुण मिळेल अशी अपेक्षा असते. आमच्या नवख्यात आणि नंबर एकमध्ये फरक त्याहून मोठा. तो हरणार हे खोलीतल्या सगळ्यांना आधीच माहीत असतं. वाईट याचं वाटतं की आपण कशाने मेलो हे त्याला कळतही नाही. ज्या हरण्यातून काही कळत नाही, त्यासाठी रविवार घालवून कोण येईल?

यावर नेहमीचा उपाय म्हणजे डबल एलिमिनेशन. दोनदा हरल्याशिवाय बाहेर नाही. १६ खेळाडूंना सामने लागतात ३० किंवा ३१. बरं आहे, पण नवख्याला खात्रीचे सामने दोनच.

दुसरा उपाय बुद्धिबळवाल्यांकडे आहे, स्विस पद्धत. १८९५ साली झुरिचच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली, म्हणून नाव स्विस. कुणीच बाद होत नाही. प्रत्येक फेरीत ज्यांचे गुण सारखे, ते एकमेकांशी खेळतात. १६ जण, ४ फेऱ्या, एकूण सामने ३२. म्हणजे डबल एलिमिनेशनपेक्षा फक्त एक-दोन जास्त! पण वाटणी बघा. प्रत्येकाला ४ सामने मिळतात, आणि तिसऱ्या फेरीपर्यंत नवख्यासमोर बहुतेक त्याच्या तोडीचा माणूस येतो. चार टीव्ही असतील आणि सामना ८ मिनिटांचा धरला तर तासाभरात सगळं आटपतं. मग वरच्या चौघांची सेमी आणि फायनल खेळवा की खुशाल.

आणि खरं सांगू का, हे शिकायला झुरिचला जायचीही गरज नाही. गावच्या जत्रेतला कुस्तीचा फड आठवा. तिथे जोड लावतात. अंगापिंडाने आणि ताकदीने सारखी पोरं बघून कुस्ती ठरते. सुरुवात लहानग्यांपासून, रेवड्यांवरच्या, नारळावरच्या कुस्त्या. मग इनाम वाढत जातं आणि शेवटची कुस्ती नामी पैलवानांची. दहा वर्षांच्या पोराला महाराष्ट्र केसरीसमोर उभं करून "दम असेल तर टिकेल" असं कुठलाही वस्ताद म्हणत नाही. त्याला माहीत असतं, आज नारळ जिंकलेलं पोर उद्या तालमीत येणार आहे.

आता कुणी म्हणेल, "एवढे लाड केले तर वरचा दर्जा घसरेल." यावर मी लाहोरचं उदाहरण देतो. २०१९ मध्ये अर्सलान ॲश नावाच्या पाकिस्तानी खेळाडूने टेकनमध्ये आधी इव्हो जपान आणि मग अमेरिकेतली इव्हो, अशा दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. तोवर टेकन म्हणजे कोरिया आणि जपान, असं समीकरण होतं. तो लाहोरच्या आर्केडमध्ये खेळून तयार झालेला. जिंकल्यावर त्याने सांगितलं की आमच्याकडे माझ्या तोडीचे आणखी आहेत. लोकांना वाटलं, विनयाने बोलतोय. मग कोरियाचा नी, टेकनमधलं सगळ्यात मोठं नाव, स्वतः पाकिस्तानात जाऊन खेळला आणि त्याला खरोखर तगडी माणसं भेटली. पुढे २०२२ च्या टेकन वर्ल्ड टूरची फायनल जिंकली ती आतिफ बटने. तोही पाकिस्तानचाच.

यातून मी काय घेतो? एकटा माणूस एवढा मोठा होत नाही. त्याला रोज घाम फोडणारे चार जण लागतात, त्या चौघांना घाम फोडणारे वीस लागतात. आणि ते वीस जण कधीतरी पहिल्यांदा आलेलेच असतात. नवख्याला हाकलणारा तगडा खेळाडू स्वतःचाच उद्याचा सराव हाकलत असतो.

पण सामन्यांची मांडणी बदलली की झालं, असंही नाही. बाकीचा अर्धा भाग तोंडाचा आहे. आज येणारी बहुतेक मुलं मोबाइलवर खेळून आलेली असतात. त्यांना "पबजीवाले" म्हणून चिडवायचं, त्यांच्यासमोर "मायनस टेन आहे, पनिश कर ना" असं बोलायचं, हे बंद करायला हवं. त्यापेक्षा सरळ सांगा, "ती लाथ अडवलीस की तो क्षणभर अडकतो, तेव्हा मार." झालं, कळलं त्याला. आमच्याकडे एक मुलगी स्वतःचा कंट्रोलर घेऊन आली, तर तिला पहिला प्रश्न काय? "कुणाबरोबर आलीस?" मुलांना आपण विचारतो, "कुठलं कॅरेक्टर खेळतोस?" तिलाही तेच विचारायचं. एवढं साधं आहे.

आम्ही तीन गोष्टी सुरू केल्या. एक, स्विस फेऱ्या. दोन, नवख्यांचा वेगळा छोटा ब्रॅकेट, त्याला रोख बक्षीस नाही. पैसे ठेवले की जुने खेळाडू नवखे बनून शिरतात. जिंकणाऱ्याला वडापाव आणि टाळ्या, म्हणजे आमचा नारळच समजा. तीन, सामना संपल्यावर जिंकलेल्याने हरलेल्याला एक गोष्ट सांगायची. एकच. दहा सांगितल्या तर तो उपदेश होतो.

सगळं गोड झालं का? नाही. आमच्यातला एक फार चांगला खेळाडू "हा क्लास झालाय का?" म्हणून यायचा थांबला. त्याचंही चूक नव्हतं. त्यालाही त्याच्या तोडीची लढत हवी होती. म्हणून आता शेवटचा एक तास फक्त तगड्यांसाठी, लांब लांब सेट, मध्ये कुणी बोलायचं नाही. तो अजून परतलेला नाही. पण शीटमध्ये दुसऱ्यांदा येणाऱ्यांची नावं वाढली आहेत, आणि त्यातले दोघे आता चौथ्या फेरीत जुन्यांना घाम फोडतात.

तुम्ही टेकन खेळत नसाल, बीजीएमआय खेळत असाल, तरी गोष्ट हीच आहे. स्क्वाडमध्ये नवीन मुलगा आला की "तू फक्त लूट उचल आणि मागे थांब" एवढंच त्याला ऐकू येत असेल, तर तो किती दिवस थांबेल? आणि एक लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली. बीजीएमआय आला, तोही जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गेला, तो मे २०२३ मध्ये परतला. गेम आपल्या हातात नसतो. तो कधीही जाऊ शकतो. त्या दहा महिन्यांत टिकले ते ग्रुप, जिथे माणसं एकमेकांना नावाने ओळखत होती.

तेव्हा या रविवारी एक काम करा. तुमच्या ग्रुपमध्ये पहिल्यांदा आलेल्याचं नाव विचारा, त्याच्याशी दोन सामने खेळा, आणि जाताना म्हणा, "पुढच्या वेळी येशील ना?" आणि पुढच्या वेळी तो आला का, ते लिहून ठेवा. ग्रुपची तब्येत त्या वहीत दिसेल.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर खेळत राहा, आणि कुणाला तरी खेळायला घेत राहा.