तिसऱ्या बेसवरचा पिकऑफ: सराव करायचा की नाही?

आजचा प्रश्न बेसबॉलचा आहे, आणि तसा बारीकच आहे. तिसऱ्या बेसवर रनर उभा असताना त्याला पिकऑफ करायचा सराव टीमने करावा का?

पिकऑफ ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी. रनर बेस सोडून चार पावलं पुढे सरकतो, त्याला लीड म्हणतात. तो परत पोचायच्या आत बॉल तिथल्या फिल्डरकडे फेकायचा आणि त्याला टॅग करायचं. क्रिकेटमध्ये क्रीज सोडलेल्या नॉन-स्ट्रायकरला बोलर रनआऊट करतो ना, त्याच जातीची गोष्ट. फक्त इथे खिलाडूवृत्तीवरून कुणी भांडत नाही.

बरेच जण म्हणतात, तिसऱ्याकडे थ्रो करूच नका. कारण सरळ आहे. पहिल्या बेसवरचा थ्रो चुकला तर रनर एखाददोन बेस पुढे जातो. तिसऱ्यावरचा चुकला तर बॉल लेफ्ट फिल्डच्या कोपऱ्यात आणि रन फुकट. पिचरकडून बॉक झाला, म्हणजे नियमबाह्य हालचाल, तरी तेच. मेजर लीगमध्ये २०१३ पासून रबरवर पाय असताना तिसऱ्याकडे नुसती हूल देता येत नाही. २०२३ पासून तर एका बॅटरमागे दोनदाच पिकऑफ करायची किंवा रबर सोडायची मुभा. तिसऱ्यांदा आऊट मिळाला नाही की बॉक.

२०१३ च्याच वर्ल्ड सिरीजची तिसरी मॅच आठवा. सेंट लुइस, नववी इनिंग, ४-४. बोस्टनचा कॅचर जॅरड सॉल्टलामाकियाने होमवर एकाला बाद केलं आणि लगेच तिसऱ्याकडे पळणाऱ्या ॲलन क्रेगसाठी थ्रो केला. बॉल निसटला. उठून होमकडे निघालेला क्रेग थर्ड बेसमनवर अडखळला, अंपायरने ऑब्स्ट्रक्शन दिलं, मॅच गेली. हा पिकऑफ नव्हता, पण तिसऱ्याकडचा वाकडा थ्रो केवढ्याला पडतो ते दिसलं. आणि गंमत म्हणजे दुसऱ्याच रात्री बोस्टनच्या कोजी उएहाराने पहिल्या बेसवर कोल्टन वाँगला पिकऑफ करून मॅच संपवली!

माझं मत? सराव करा, पण पिचरचा कमी, कॅचरचा जास्त. कॅचरच्या थ्रोला ती दोनची मर्यादा लागू नाही. पिच सुटली की रनर होमकडे आणखी दोन-तीन पावलं घेतो, आणि बॅटरने बॉल सोडला की निवांत परत फिरतो. तोच क्षण पकडायचा. अडचणीही तिथेच आहेत. उजव्या हाताचा बॅटर मध्ये उभा, मग त्याच्या पुढून फेकायचं की मागून? हुशार रनर फाऊल बाजूने पुढे जातो आणि परत येताना आतल्या बाजूने येतो, म्हणजे थ्रोच्या वाटेतच. हे मॅचमध्ये ऐनवेळी सुचत नाही.

आणि लेफ्ट फिल्डर! या सरावाला त्याला कुणी बोलावतच नाही. इशारा मिळाला की पिच होताक्षणी त्याने बॅकअपला पळत यायला हवं. तो नसेल तर माझ्याकडून सरळ नकार.

थ्रो कधी करायचा? एकही आऊट नसताना तो रनर बहुतेक होमला पोचणारच असतो, म्हणून त्याला टिपण्याची किंमत मोठी. दोन आऊट असतील तर बॅटरला बहुधा हिटच मारावी लागते, तेव्हा राहू द्या.

आऊट नाही मिळाला तरी रनर एक पाऊल मागे राहतो. शॉर्टस्टॉपकडे ग्राउंडर गेला की होमवर तेवढ्याच पावलाने तो आऊट होऊ शकतो. आठवड्याला दहा मिनिटं द्या, पुरे.

पुढच्या भागात स्क्वीझ प्ले. भेटूच!