घरात राहून काम करणाऱ्या बाईची रजा कोण मोजतं?

१ मे म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकदमच. इथे दुबईत त्या दिवशी सुट्टी नसते, म्हणून आज रविवारी जमलोय.

मी सिव्हिल डिप्लोमावाला, साइटवर सुपरवायझर. रोज साठ-सत्तर माणसांची हजेरी माझ्याकडे. कोण कधी आला, ओव्हरटाइम किती, रजा किती शिल्लक, सगळं टाइमशीटवर. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद, ते तर सरकारी माणूस येऊन तपासतो. आणि याच शहरात माझी सख्खी मावशी चार वर्षं एका घरी राहून स्वयंपाक करत होती, मुलं सांभाळत होती. तिला रजा किती मिळते, हे मी एकदाही विचारलं नाही. मलाच लाज वाटते, म्हणून सांगतोय.

ती म्हणायची, "असते रे रविवारी सुट्टी." मी धरून चाललो. मग एका दिवाळीत जेवायला बोलावलं तर साडेचारला आली आणि सहा वाजल्यापासून घड्याळ बघायला लागली. तेव्हा कळलं. सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, भांडी, हे सगळं उरकून चारला बाहेर पडायचं आणि सातला पोळ्या लाटायला परत. मी म्हटलं, "मावशी, ही सुट्टी नाही गं. आमच्या साइटवर याला जेवणाची सुट्टी म्हणतात."

इथला कायदा २०२२ चा आहे, ९ नंबरचा, घरकामगारांसाठी वेगळा. आठवड्याला एक अख्खा दिवस पगारी सुट्टी. त्या दिवशी काम करून घेतलं तर बदली सुट्टी नाहीतर पैसे. रोज १२ तास विश्रांती, त्यातली ८ तास सलग. मूल रात्री दोनदा उठतं आणि बाई त्याच्याजवळ झोपते, तिथे हे आठ तास कुठे गेले बघा. वर्षाला ३० दिवस पगारी रजा. सहा महिन्यांच्या वर आणि वर्षाच्या आत नोकरी झाली असेल तर महिन्याला २ दिवस. दोन वर्षांतून एकदा गावी जायचं-यायचं तिकीट मालकाचं. नोकरी सोडताना रजा शिल्लक असेल तर तिचे पैसे.

आता मावशीची खरी अडचण. तिच्या लेकीचं पहिलं बाळंतपण मे महिन्यात होतं. तिने महिनाभर रजा मागितली. साहेब म्हणाले, "गेल्या जुलैत तीन आठवडे आमच्याबरोबर लंडनला आलात ना, ती रजाच झाली." लंडनला हिने काय केलं? सकाळी सगळ्यांचा नाश्ता आणि दिवसभर धाकट्याला कडेवर. पण मला राग आला तो मावशीचा. ती म्हणते, "त्यांनी फिरायला नेलं होतं रे, नाही कसं म्हणू?" माणसं वाईट नाहीत, तिला औषधपाणी करतात. म्हणूनच तिला बोलता येईना. मी सांगितलं, मी गवंड्याला आठवडाभर अबुधाबीच्या साइटवर पाठवला तर त्याची रजा कापत नाही. जागा बदलली, काम तेच.

तक्रार करायची नव्हती तिला. आम्ही दोघांनी मिळून कॅलेंडरवर गेल्या वर्षाचे दिवस मांडले, कराराची प्रत काढली, आणि तीच मॅडमशी बोलली. मी खाली गाडीत बसून होतो. ३० दिवस मिळाले, तिकीटही मिळालं. पण मे महिन्यात नाही, शाळा बंद झाल्यावर जुलैत. तारीख ठरवायचा अधिकार कायद्याने मालकाला दिलाय, तिथे आमचं काही चाललं नाही. नातू दोन महिन्यांचा झाल्यावर तिने पाहिला. म्हणून सांगतो, रजा चार-पाच महिने आधी मागा, आणि लिहून मागा. व्हॉट्सॲपवर असलं तरी चालेल.

आता तिला रविवार अख्खा मिळतो. पण जायचं कुठे? माझ्या खोलीत आम्ही सहा पुरुष. उन्हाळ्यात बागेत बसवत नाही. पहिल्या रविवारी एक दिरहम देऊन अब्र्यातून खाडी ओलांडली, परत आली, पुन्हा ओलांडली. शेवटी दुपारी म्हणाली, "घरीच पडते, बरं." आणि घरी पडलं की कोणीतरी चहा सांगतंच. आयएलओचा २०११ चा १८९ नंबरचा करार आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की सुट्टीच्या दिवशी बाईने मालकाच्याच घरी थांबायचं बंधन नाही. भारताने तो स्वीकारलेला नाही, यूएईनेही नाही. तेव्हा ज्यांचं कुटुंब इथे आहे त्यांनी महिन्यातला एक रविवार आपलं दार अशा बायकांना उघडं ठेवावं, ही विनंती.

आणखी एक, थोडं कडू आहे. इथे बसलेल्यांपैकी काहींच्या स्वतःच्या घरी बाई राहते. तिने शेवटची अख्खी सुट्टी कधी घेतली, ते आज घरी गेल्यावर तिलाच विचारा. वहिनींना नाही.

मंत्रालयाचा सल्ला-तक्रारीचा नंबर ८००८४, आणि आपल्या वकिलातीच्या प्रवासी सहायता केंद्राचा ८००४६३४२, दोन्ही फुकट. ज्यांच्याकडे कराराची प्रत किंवा मोबाइलमध्ये फोटो असेल त्यांनी चहानंतर मागच्या टेबलाशी या. रजेचे दिवस बसून मोजू, कॅल्क्युलेटर आणलाय मी.