फडीवरचा मुन्शी कोणाचा?

'एम्पॉवरमेंट' हा शब्द तुमच्या कंपनीत एकदा तरी कानावर आला असेल. एक ट्रेनिंग होतं, पीपीटी दाखवतात, शेवटी चहा-समोसा. आणि सोमवारी? दोनशे रुपयांचं सामान आणायचं तरी साहेबांची सही लागतेच.

म्हणून आज ऑफिस सोडून आपल्याच जिल्ह्यातल्या जंगलात जाऊ. देवरी, अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी. मे महिना, डोक्यावर ऊन, आणि पहाटेपासून तेंदूपानं तोडणारी माणसं. 70 पानांचा एक पुडा, अशा 1000 पुड्यांची एक स्टँडर्ड बॅग. संध्याकाळी हे पुडे फडीवर मोजायला न्यायचे.

1969 च्या कायद्यानं या पानाचा व्यापार सरकारच्या हातात गेला. मग काय, वन विभाग युनिटचा लिलाव करायचा, ठेकेदार यायचा, फडीवर त्याचा मुन्शी बसायचा. पुडा लहान आहे, पान खराब आहे, शंभरामागे वरचे इतके पुडे दे... मुन्शी म्हणेल ते खरं. पान तोडणाऱ्या बाईला भाव कोणी ठरवला, माल कुठं गेला, काहीच माहीत नाही. आता सांगा, तिला 'मोटिव्हेशन'चं भाषण देऊन काय बदललं असतं?

बदललं ते वेगळ्या कारणानं. 2006 च्या वनहक्क कायद्यानं तेंदू, बांबू यांसारख्या गौण वनउपजाची मालकी जंगलावर जगणाऱ्या लोकांना दिली. पण कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यात फरक असतो बरं का. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतुकीचा पास वन विभागाकडेच! तो वाद चालला, आणि एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि पासबुक देवाजी तोफांच्या हातात दिलं. माझ्या मते हक्क खऱ्या अर्थानं मिळाला तो त्या दिवशी. कुठल्याही मॅनेजरला मी हेच विचारेन, तुमच्याकडचं पासबुक कोणतं, आणि ते अजून कोणाच्या ड्रॉवरमध्ये आहे?

पुढं 2013 च्या हंगामात गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी तेंदू स्वतः विकायला घेतला. टेंडर त्यांचं, करार त्यांचा, बँक खातं ग्रामसभेचं. आता मुन्शी गावानं निवडलेला, गावातलाच पोरगा. हिशेब चुकला तर सभेत सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. मजुरी तर मिळतेच, वरची रॉयल्टीही ग्रामसभेची. चांगला कोवळा पाला यावा म्हणून पूर्वी जंगलाला आगी लावायचे. आता जंगल आपलं म्हटल्यावर आग दिसली की गावच धावतं.

सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. विकायचा हक्क आला की बाजाराची मारही आलीच. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा तेंदूपानावर 18 टक्के लागला. बोली कमी आली, ठेकेदारानं पैसे थकवले, तर आता तक्रार कोणाकडे करायची? सही तर आपलीच! करार वाचता येणारा, टेंडरची जाहिरात लिहिता येणारा माणूस गावात लागतोच. मेंढ्यात यासाठी अभ्यास गट बसतात. आधी विषय समजून घ्यायचा, मग निर्णय, आणि तोही सर्वसहमतीनं, बहुमतानं नाही. वेळ लागतो. आपल्याकडं मॅनेजर लोक नेमकं हेच टाळतात. जबाबदारी देतात, माहिती देत नाहीत. आणि पोरगं चुकलं की म्हणतात, "बघा, यांना जमत नाही!"

राईस मिलमध्ये, मोबाईलच्या शोरूममध्ये, बँकेच्या काउंटरवर काम करणारे खूप जण हा पॉडकास्ट ऐकता. तुमच्या कामात असा एखादा निर्णय आहे का, जो रोज तुम्हीच निभावता पण घेतो दुसराच कोणी? कंपनीचं नाव न घेता व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या चार-पाच पुढच्या भागात ऐकवतो.